शेफील्डची धार

ज्या गांवाचें नांव आपल्याकडील जुन्या पिढीनें चाकूच्या पात्यावर कोरलेलें वाचलें, तें गांव प्रत्यक्ष पाहावें अशी इच्छा पुष्कळ दिवस मनांत होती. बोरू तासावयाचा, आंबा चिरावयाचा, पेन्सिलीला टोंक करावयाचें, या सर्वांस एकच घडीचा चाकू पुरत असे, आणि तो शेफील्डचा असला म्हणजे मालक सहसा दुसऱ्याच्या हातीं देत नसे. आज त्यांतलीं बरींचशीं कामें कटर करतो. घरोघर खोकीं येऊं लागल्यापासून तर प्रत्येक खणांत एक कटर सांपडतोच. या दोहोंत अधिक तीक्ष्ण कोण, हा आमच्या घरीं काका व पुतणे यांच्यामधला नेहमींचा वाद. दोन्ही हत्यारें ज्या एका शहरानें घडविलीं, तेथें जाण्याचा योग आला, तेव्हां या वादाचा निकालहि तेथेंच पाहावा असें ठरविलें.

शेफील्ड हें इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यांत, टेकड्यांच्या कुशींत वसलेलें आहे. स्टेशनाबाहेर पाऊल टाकतांच चकचकीत पोलादाची एक लांबलचक भिंत दिसते. ती २००६ सालीं उभारली. तिच्यावरून पाणी वाहत असतें, व तिचें नांव ‘कटिंग एज’, म्हणजे धारच. ज्या शीफ नदीवरून गांवाला नांव मिळालें, ती बिचारी मात्र स्टेशनाखालच्या बंदिस्त मार्गानें जाते!

गांवाची कीर्ति फार जुनी. चॉसर कवीनें चौदाव्या शतकांतल्या आपल्या एका कथेंत गिरणीवाल्यापाशीं शेफील्डची सुरी दिली आहे. १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें येथील सुरीकारांचा संघ स्थापन झाला, तो अद्याप चालू आहे. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन यानें मुशींत पोलाद वितळवून तें एकजिनसी करण्याची कृति काढली. १९१३ सालीं हॅरी ब्रिअर्ली यानें न गंजणारें पोलाद केलें. पण या सर्वांच्या आधीं निसर्गानें येथें चक्रें फिरविण्यास वेगानें धांवणारे ओढे आणि धार लावण्यास वालुकाश्म दिला होता. मुठींकरितां लागणारें सांबराचें शिंग मात्र आपल्या रानांतून तिकडे जात असे. ती निर्यात आतां कायद्यानें बंद आहे.

शहराच्या नैर्ऋत्येस पोर्टर नांवाच्या ओढ्यावर ‘शेफर्ड व्हील’ हा जुना धारखाना जपून ठेवला आहे. त्याचा उल्लेख १५८४ पासून सांपडतो, आणि १९३० पर्यंत तेथें काम चालू होतें. बाहेर पाण्याचें मोठें चाक, आंत अंधारी, दमट खोली आणि दगडी चक्रांची रांग. प्रत्येक चक्रामागें लांकडी बैठक. शिकलगार तिच्यावर घोड्यावर बसावें तसा बसे आणि पुढें वांकून पातें फिरत्या दगडावर दाबी. पाहणाऱ्याला जागा रम्य वाटते. भोंवतीं झाडी आहे, पाण्याचा आवाज आहे. परंतु येथें मन रमूं नये, इतकी या धंद्याची हकीकत कठोर आहे.

दगडाची धूळ फुप्फुसांत जाऊन हे लोक अकालीं मरत. डॉ. आर्नल्ड नाइट यांनीं १८३० सालीं लिहून ठेविलें कीं, जेवणाचे कांटे कोरड्या दगडावर घासणारे अठ्ठावीस ते बत्तीस वर्षांत मरतात, आणि ओल्या दगडावर सुऱ्या घासणारे चाळीस ते पन्नासपर्यंत जगतात. केवळ पाण्यामुळें एवढा फरक! त्याच सुमारास अब्राहम नांवाच्या शेफील्डच्याच एका गृहस्थानें धूळ ओढून घेण्यासाठीं लोहचुंबकाची एक युक्ति काढली होती. कारागिरांनीं ती स्वीकारली नाहीं, आणि स्वीकारली असती तरी तिचा उपयोग थोडाच होता. चुंबक लोखंडाचे कण ओढतो. माणूस मरत होता तो वाळूच्या कणांनीं.

आतां काका-पुतण्यांच्या वादाकडे वळूं. मीं शहरांतून घडीचा एक चाकू घेतला, आणि हत्यारांच्या दुकानांतून एक कटर. इंग्रज लोक कसल्याहि कटरला ‘स्टॅनले नाइफ’च म्हणतात. स्टॅनले कंपनीचे ‘९९ ई’ जातीचे कटर अनेक वर्षें शेफील्डांतच होत. मुक्कामावर येऊन प्रथम वर्तमानपत्राच्या कागदावर परीक्षा केली. कटरचें नवें पातें आवाजहि न करतां खालीं आलें. नवा चाकू किंचित् खरखरला, व मध्यें कागद फाटला. येथवर पुतण्यांची सरशी.

मग चाकू निसण्यावर दहा मिनिटें घासला, दोन्ही बाजूंनीं साधारण वीस अंशांचा कोन राखून. कागदावर तो कटरच्या बरोबरीला आला. परंतु जाड पुठ्ठ्यांत पुन्हां मागें पडला, पाचरीसारखा अडकूं लागला. तीक्ष्ण या एका शब्दांत आपण दोन निराळ्या गोष्टी कोंबतों: धारेची शेवटची कड किती बारीक, आणि तिच्यामागें पोलाद किती जाड. कटरचें पातें पाऊण मिलिमीटरहूनहि पातळ असतें. माझ्या चाकूची पाठ दोन मिलिमीटर होती. चाकू हरला तो धारेनें नव्हे, जाडीनें. उलट पेन्सिल तासतांना कटरचें पातळ पातें लवतें, आणि लवलेलें पातें कोणीकडे जाईल याचा भरंवसा नसतो. तें काम चाकूचेंच, आणि मुलांच्या हातीं पेन्सिल तासावयास कटर देणाऱ्या वडीलधाऱ्यांचें मला नवल वाटतें.

धार टिकण्याचा प्रश्न वेगळा. पुठ्ठा दिसतो मऊ, परंतु त्यांतली खनिजांची भुकटी व धूळ पात्याला खाते. आठ-दहा खोकीं फोडतांच कटरची रेशमी धार गेली. चाकूचीहि गेली, पण ती निसण्यावर परत आली. कटरचें पातें उलटें करून लावावें, तें दुसरें टोंकहि गेलें म्हणजे फेंकावें, एवढीच त्याची सोय.

कायद्याची दृष्टि आणखी निराळी. इंग्लंडांत तीन इंचांपर्यंत धारेचा, उघडल्यावर खटक्यानें अडकून न बसणारा घडीचा चाकू खिशांत बाळगण्यास कारण द्यावें लागत नाहीं. कटर मात्र योग्य कारणावांचून रस्त्यानें नेतां येत नाहीं. अधिक धारदार कोण, हें कायदा विचारीतच नाहीं.

चाकूच्या घराण्याचें पुढें काय झालें, याची एक गंमत आहे. जोसेफ रॉजर्स कंपनीला १६८२ सालीं आपली मुद्रा मिळाली. तिनें १८२२ सालीं १,८२२ पात्यांचा एक चाकू केला, व पुढें दरवर्षीं त्यांत एक पातें वाढविण्याची प्रथा ठेविली. हा ‘वर्षचाकू’ १९७० सालीं विकत घेतला तो स्टॅनले कंपनीनें!

केल्हम बेटावरील संग्रहालयांत जुन्या ‘लिट्ल मेस्टर’ म्हणजे छोट्या उस्तादांच्या कार्यशाळा आहेत. स्टॅन शॉ हे घडीच्या चाकूचे नामांकित कारागीर आपल्या उतारवयांत तेथें काम करीत. ते २०२१ सालीं वारले. असा चाकू घेणारा मनुष्य तो जन्मभर वापरतो. कटरच्या पात्यांचें तसें नाहीं. तीं कचऱ्यांत जातात, आणि आपल्या शहरांत तो कचरा पुष्कळदां उघड्या हातांनीं निवडला जातो. कटर विकणाऱ्या दुकानदारानें पात्यांबरोबर मला एक लहान डबी दाखविली. तिच्या झांकणाला फट होती. जुनें पातें आंत टाकावयाचें, डबी भरली म्हणजे चिकटपट्टीनें बंद करून, वर लिहून द्यावयाची. मीं ती घेतली नाहीं. घरीं आल्यावर पुतण्यांनीं चहाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला तशीच फट पाडली. ती पाडण्यास मात्र काकांचा चाकू कोणी मागितला नाहीं, आणि मागितला असता तरी त्यांनीं दिला नसता.