चौकातला चढ

दोन्ही चाकांना शॉकअप आणि पायडलला मोटरची साथ असलेली, डोंगरात चालवायची नवी सायकल घेतलेल्यांचं बोलणं ऐकलं, तर ते यंत्रापेक्षा शरीराबद्दल जास्त असतं. चढावर छाती भरून आली नाही, खडकाळ उतारावर मनगटं बधिर झाली नाहीत, घरी परतल्यावर कंबर जागेवर होती. मग तक्रारी येतात. वजन बावीस-चोवीस किलो, त्यामुळे जिना चढवताना जड. बॅटरी थंडीत लवकर उतरते. मागचा शॉकअप आला तेव्हा फार कडक होता, थोडी हवा काढल्यावर बरा झाला. इतके बारीक अभिप्राय वाया जात नाहीत, बनवणाऱ्याला ते ऐकावे लागतात, कारण ज्याची कंबर दुखते त्याच्याच खिशात पुढच्या खरेदीचे पैसे असतात. पुण्याच्या ईमोटोरॅड कंपनीने २०२३ साली आणलेल्या वरच्या श्रेणीतल्या दोन ई-सायकलींच्या किमती पावणेपाच आणि पाच लाख रुपये होत्या. या यंत्रात जे शहाणपण ओतलं गेलं आहे, त्याची खरी गरज मला लखनौच्या चौकासारख्या सपाट, गजबजलेल्या जुन्या बाजारात दिसते. ते तिथे पोचलेलं नाही, आणि त्याचं कारण मी तंत्रज्ञानात शोधत नाही, मालकीत शोधतो.

आधी यंत्राचं काम कसं चालतं ते पाहू. ही मोटर स्कूटरसारखी मूठ पिळून चालत नाही. पायडलच्या आसाशी बसवलेला सेन्सर पायाने किती जोर लावला ते मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर भर घालते. पाय थांबले की मोटरही थांबते. जपानच्या यामाहाने १९९३ साली अशी सायकल विक्रीला आणली. युरोपात कायद्याने या मोटरची सततची शक्ती २५० वॅटवर आणि साथीचा वेग ताशी २५ किलोमीटरवर बांधला. आपल्याकडेही साधारण त्याच मर्यादेतल्या सायकलीला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. २५० वॅट म्हणजे फार काही नाही असं वाटेल, पण धडधाकट माणसाने तासन्‌तास पायडल मारलं तरी त्याच्याकडून सातत्याने निघतात ते ७५ ते १०० वॅट. म्हणजे चालवणाऱ्याच्या जोडीला ही मोटर आणखी दोन-तीन माणसं उभी करते. शॉकअपचं काम वेगळं, पण तितकंच मोलाचं. ताठ बसवलेलं चाक खड्ड्यात आपटलं की पुढे जाण्याचा जोर वरच्या उसळीत जातो आणि ती उसळी माणसाच्या मणक्यात मुरते. शॉकअप असलेलं चाक खड्डा पोटात घेतं, त्यामुळे वेगही टिकतो आणि मणकाही.

चौकात डोंगर नाही. गोमतीकाठची सपाट जमीन, गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत पसरलेला नवाबी काळाचा बाजार, चिकनच्या कपड्यांची आणि अत्तराची दुकानं, हिवाळ्यात सकाळी मक्खन मलाईचे ठेले, आणि शेजारीच किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ, म्हणजे आसपासच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांची आणि नातेवाइकांची अखंड रीघ. तरीही इथे चढ आहे आणि तो मोजता येतो. सायकलरिक्षा, ती चालवणारा आणि दोन प्रवासी मिळून २६५ किलो धरू. बऱ्यापैकी सपाट रस्त्यावर ताशी ८ किलोमीटर वेगाने हे ओझं नुसतं चालतं ठेवायला सत्तर वॅटच्या आसपास लागतात. माणसाच्या आवाक्यातलं काम. पण गर्दीत रिक्षा चालती राहतच नाही. समोर हातगाडी आडवी येते, कोणी मोटरसायकल वळवतं, कोणी दुकानासमोर गठ्ठे उतरवत असतं. ब्रेक दाबला की कमावलेला वेग गेला, आणि तो शून्यातून पुन्हा कमावणं म्हणजे ते सगळं ओझं पाव मीटर उचलण्याइतकं काम. गणित शाळेतलंच आहे: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरणाची दुप्पट. दिवसभरात चारशे वेळा थांबून निघालं तर २६५ किलोंसकट शंभर मीटरचा चढ चढून झाला. बरं, प्रत्येक वेळी हे काम दोन-तीन सेकंदांत उरकावं लागतं, कारण मागे हॉर्न वाजत असतात. तेवढ्या क्षणांपुरती लागणारी शक्ती अडीचशे वॅटच्या घरात जाते, म्हणजे डोंगरातल्या त्या सायकलीच्या मोटरइतकी. म्हणून निघताना रिक्षावाला कधी सीटवर बसलेला दिसत नाही. तो उभा राहतो, अंगाचा सगळा भार एका पायडलवर टाकतो, दोन्ही हातांनी हँडल स्वतःकडे ओढतो, पायडल खाली गेलं की भार दुसऱ्या पायावर घेतो. गिअर एकच. प्रवाशांच्या बाकाखाली कुठे कमानी असतात, पण चालवणाऱ्याच्या वाट्याला सीटखालच्या दोन स्प्रिंगांपलीकडे काही नाही, आणि जोर लावायच्या वेळी तो त्या सीटवर नसतोच.

हा प्रश्न कोणाला दिसलाच नाही असं नाही. साताऱ्यातल्या फलटणला, बी. व्ही. निंबकरांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षावर गंभीरपणे काम केलं. राजवंशी आयआयटी कानपूरचे यांत्रिकी अभियंते. फ्लोरिडात पीएच. डी. करून ते १९८१ साली फलटणला आले आणि तिथेच राहिले. २००२ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला. त्यात सुधारलेली सायकलरिक्षा होती: गिअर, आखूड साखळी, मागच्या चाकांना ब्रेक, बरं सस्पेन्शन. पायडलला मोटरची साथ देणारी रिक्षा होती आणि पूर्ण विजेवर चालणारीही. ई-रिक्षा हा शब्द शहरांच्या तोंडी रुळण्याच्या कितीतरी आधी, ऊस आणि करडईच्या प्रदेशात, उत्तर भारतातल्या रस्त्यांवर राबणाऱ्या गुडघ्यांचा विचार चालला होता, याचं मला फार मोल वाटतं. चौकातल्या रिक्षावाल्याला हवी होती ती जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या आराखड्यांत आहे. तरी चौकातली सायकलरिक्षा होती तशीच राहिली.

इथे डोंगरी सायकलीचा जन्म आठवावा. १९७६ सालापासून कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायसच्या उतारावर काही तरुण जुन्या जड सायकली घेऊन शर्यती लावत. ब्रेक तापायचे, सांगाडे मोडायचे. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ साली या कामासाठी खास सांगाडा बनवला, आणि १९८९ साली पुढच्या चाकाचा शॉकअप बाजारात आला. पडणारा, दुरुस्त करणारा आणि पैसे देणारा एकच होता, म्हणून प्रत्येक दुखण्याचं रूपांतर सुधारणेत झालं. सायकलरिक्षाचं तसं नसतं. ती बहुतेक ठिकाणी दहा-वीस रिक्षांच्या मालकाची असते आणि चालवणारा तिचं रोजचं भाडं भरतो. गिअर बसवला तर खर्च मालकाचा आणि आराम दुसऱ्याचा, भाडं तेवढंच. मालकाला रिक्षा कशी हवी? कुठल्याही गल्लीत वेल्डिंग करून उभी राहील अशी आणि चोरीला गेली तर फार नुकसान होणार नाही अशी. त्याच्या जागेवरून ही मागणी वाजवीच आहे. फलटणचा आराखडा कितीही चांगला असो, त्याचं मोल ज्याच्या पायांना कळणार होतं त्याच्या हातात खरेदी नव्हती.

यावर सरळ आक्षेप येईल की प्रश्न सुटलाच आहे, चौकात आता बॅटरीच्या रिक्षा धावतात, मग पायडल हवंच कशाला? या आक्षेपातला मोठा भाग मला मान्य आहे. चार प्रवासी, ताशी २५ किलोमीटर, चालवणारा बसलेला: एवढ्या माणसांच्या छातीवरचं ओझं इतक्या थोड्या वर्षांत उतरवणारं दुसरं वाहन मला माहीत नाही. पण ती आली कशी हे पाहण्यासारखं आहे. ती कायद्याच्या आधी रस्त्यावर आली. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला बंदी घातली, मग २०१५ साली मोटार वाहन कायदाच दुरुस्त करावा लागला. अनेक चालवणाऱ्यांनी कर्ज काढून ती स्वतः घेतली, कारण दोनाऐवजी चार प्रवाशांचे पैसे मिळत होते. घेणारा आणि चालवणारा एक झाले तिथे बदलाला सरकारी आग्रहाची वाट पाहावी लागली नाही. उलट २ ऑक्टोबर २००८ रोजी दिल्लीच्या चांदनी चौकात मोठ्या समारंभाने आलेली सोलेक्शॉ आठवा. दुर्गापूरच्या सीएमईआरआय या सरकारी प्रयोगशाळेने केलेली, पायडल आणि मोटर दोन्ही असलेली, सूर्यशक्तीवर भरलेल्या बॅटऱ्या बदलून घ्यायची रिक्षा. माझ्या मताविरुद्धचा हा सगळ्यांत सबळ पुरावा, कारण मी ज्या साथीच्या मोटरची बाजू घेतो आहे तीच तिथे होती आणि टिकली नाही. पण ती चालवणाऱ्याने मागितलेली नव्हती, आणि बॅटरी बदलायची केंद्रंही त्याच्या हातात नव्हती. मोटर चांगली असूनही पुरली नाही, एवढंच त्यातून निघतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. आता ई-रिक्षाही अनेक जण भाड्यानेच चालवतात, मग मालकीचा मुद्दा कुठे उरला? तो माथेरानला उरला आहे. तिथे मोटारींना बंदी, खरा डोंगर, आणि माणसांनी हाताने ओढायच्या रिक्षा. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने प्रायोगिक ई-रिक्षा सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. या प्रकरणात वाद नुसता गाड्यांच्या संख्येवर झाला नाही. त्या गाड्या कोणाला द्यायच्या, यावरही झाला, आणि आजवर ज्यांनी हातरिक्षा ओढल्या त्यांनाच या गाड्या मिळाव्यात ही बाजू न्यायालयाने उचलून धरली. गुवाहाटीत २००४ साली सुरू झालेल्या रिक्षा बँकेनेही हेच धरलं होतं: रोजच्या भाड्याऐवजी रोजचा हप्ता, आणि हप्ते फिटले की रिक्षा चालवणाऱ्याची. मालकी आपोआप टिकत नाही, ती कागदावर बांधावी लागते, इतकंच या आक्षेपाचं उत्तर मला देता येतं, आणि मला ते पुरेसं वाटतं.

प्रवाशांपुरता निकाल लागला असं धरलं, तरी चौकात मालाची वाहतूक उरतेच. चिकनचा एक कुर्ता तयार होईपर्यंत शहरात आणि शहराबाहेर बराच फिरतो: कापड कापून लाकडी ठशांनी नक्षी छापायची, मग ते काकोरी, मलिहाबादकडच्या गावांतल्या बायकांकडे भरतकामाला जायचं, मग धुलाईला, मग इस्त्री होऊन दुकानात. २००८ साली या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं. या फेऱ्यांतले गठ्ठे, दुधाचे कॅन, भाजीची पोती सायकलींवर आणि सायकलठेल्यांवर हलतात, आणि ज्या गल्ल्यांत ई-रिक्षा वळत नाही तिथे हलवायला दुसरं फारसं काही नाही. साथीची मोटर इथे चपखल बसते. खरा डोंगर नसल्याने छोटी बॅटरी चालते. पायडल असल्याने बॅटरी संपली तरी माल अडकत नाही. वेग पायाच्या ताब्यात असल्याने दोन हात रुंद गल्लीत समोरून मूल आलं तरी धोका कमी.

किमतीचा आक्षेप इथेच निकालात काढता येतो. पाच लाखांच्या सायकलीत महाग असतो तो हलका सांगाडा, लांब पल्ल्याचा शॉकअप आणि आसाजवळची जोरकस मोटर. ठेल्याला यातलं काहीच लागत नाही. चाकातच बसणारी २५० वॅटची मोटर, छोटी बॅटरी, पुढच्या चाकाला जाड स्प्रिंगचा फोर्क, मागे ब्रेक. असं मोटरचं किट बॅटरीसकट वीस हजारांच्या आगेमागे येतं. पथविक्रेत्यांसाठी २०२० साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं आणि ते फेडल्यावर दुसरं २०,००० रुपयांचं ठेवलं होतं, तेव्हा रक्कम आवाक्याबाहेरची नाही. खरी अडचण कायद्यात आहे. दोनचाकी सायकल सुटते, पण तीनचाकी ठेल्याला तीच मोटर लावली की तो ई-कार्ट ठरू शकतो आणि नोंदणी, परवाना असं सगळं मागे लागतं. पायडल मारल्याशिवाय न चालणाऱ्या, माणसाच्या चालीपेक्षा थोड्याच जास्त वेगाच्या ठेल्याला सायकलीचीच सूट मिळायला हवी. आणि कर्जाच्या कागदावर ठेकेदाराचं नाव चालणार नाही, जो ठेला चालवतो त्याचं हवं. बॅटरी चार-पाच किलोंच्या आत आणि सुटी निघणारी हवी, कारण ठेला रात्री रस्त्याच्या कडेला साखळीने बांधलेला असतो आणि वीज चालवणाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत असते.