सनईसमोर जरा बस

बारामती

चि. सोनूस,


तू पाठवलेला मोझार्टचा 'ग्रान पार्टिटा' काल सलग ऐकला. सात भाग, तेरा वादक; त्यातले बारा फुंकणारे आणि जोडीला एक डबल बास. ढोल नाही, संबळ नाही, तरी लय कुठे ढळत नाही. तिसऱ्या भागात खालची वाद्यं संथ ठेका धरतात आणि वर ओबोचा एकच उंच सूर लागतो. तो लांबतो, लांबतो आणि क्लॅरिनेट त्याच्या हातून गाणं काढून घेते. तिथे मी दोनदा मागे जाऊन ऐकलं.

आपल्याकडे सनईच्या जोडीत एक जण राग मांडतो, दुसरा नुसता सूर धरतो. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. तुझा ओबो आणि ही सनई, दोन्ही दुहेरी पत्तीवर वाजणारी. भाऊबंदच म्हण ना!

नशीबही सारखंच. व्हिएन्नात सम्राट दुसऱ्या जोसेफने 1782 मध्ये फुंकवाद्यं वाजवणाऱ्या आठ जणांचा ताफा पदरी ठेवला. हे संगीत मुख्यतः मेजवानीचं आणि बागेतलं. पण 23 मार्च 1784 रोजी क्लॅरिनेटवादक अँटोन श्टाडलरने 'ग्रान पार्टिटा'चेच चार भाग थेट नाट्यगृहात वाजवले आणि जेवणावळीचं वादन लोकांनी समोर बसून ऐकलं.

सनईलाही बिस्मिल्ला खाँसाहेबांनी मैफलीत बसवलं. पुण्यात 'सवाई गंधर्व' संगीत महोत्सवाची सुरुवात सनईने करायची रीत आहे. आपल्या बारामती-इंदापुरात मात्र ती अजून मंगल कार्यालयाच्या दारातच आहे. वऱ्हाडी अत्तर लावून, गुलाबपाणी घेऊन पुढे सरकतात. बऱ्याच ठिकाणी तर माणसंही नाहीत, स्पीकरला पेनड्राइव्ह लावला की झालं काम. अक्षता पडल्या की तोही बंद.

वादकांना बिदागी आपण देतो, कान देत नाही. कान मिळाले नाहीत, तर पोरगा बापाची सनई कशाला हातात घेईल?

तेव्हा इंदापूरच्या लग्नाला येताना ओबो घेऊन ये. सनईवाले मी ठरवतो. पंगती अर्धा तास उशिरा बसल्या तरी चालतील. आधी सगळ्यांनी खुर्च्या वळवून त्यांना ऐकायचं. मग तू वाजव.

तुझा,
मामा