स्टँडसमोरचं दुकान

धाराशिवच्या एसटी स्टँडसमोरचं ते पुस्तकांचं दुकान उठलं. आता तिथं मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. परंड्याकडून आलेला एखादा म्हातारा अजूनही सवयीनं पायरी चढतो, पंचांग मागतो आणि पाटीकडं बघून खाली उतरतो.

दुकान जेमतेम आठ बाय दहाचं. पुढं पंचांगं, आरतीसंग्रह, पोलीस भरतीची पुस्तकं, दिवाळीत अंकांची चळत. आत कथा-कादंबऱ्या. गल्ल्यावर काका आणि हाताखाली एक पोरगा, जो दुकानातच चाळिशीला आला तरी पोरगाच राहिला. गठ्ठा बांधावा तर त्यानंच. सुतळीचे आडवे दोन फेरे, उभे दोन, वर फास, आणि उरलेली सुतळी दातानं तटकन तोडायची. कुठल्या वाचनालयाकडं कुठल्या कादंबरीचा दुसरा भाग नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. तिथला ग्रंथपाल दारात दिसला, की मागायच्या आधी पुस्तक बाहेर.

लोक म्हणतात, वाचणारेच राहिले नाहीत, दुकान चालणार कसं? मला हे अजिबात मान्य नाही. १० ते १२ जानेवारी २०२० ला आमच्या गावात ९३वं साहित्य संमेलन भरलं. संत गोरोबाकाकांचा हा जिल्हा. ग्रंथदालनात धुरळा उडेपर्यंत गर्दी होती. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं पिशव्या भरून पुस्तकं नेत होती. ते बघून काकांना हुरूप आला. उन्हाळा आणि जून धरून त्यांनी पुण्याहून भरपूर माल मागवला. उधारीवर, नेहमीसारखाच.

हा धंदा उधारीवरच उभा असतो. प्रकाशक विक्रेत्याला थांबतो, विक्रेता वाचनालयाला आणि वाचनालय सरकारी अनुदानाला. शंभर रुपयांच्या पुस्तकामागं दुकानदाराच्या हाती पंचवीस-तीस येतात. त्यातून भाडं, वीजबिल, पोराचा पगार. दुष्काळातही हे निभलं, कारण उशिरा का होईना, अनुदान यायचं आणि स्टँडवर माणसं उतरायची.

मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली आणि एसटी थांबली. ४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागानं त्या वर्षीचा खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला. मुंबईत निघालेला तो आदेश इथं पोचला तो थकलेल्या बिलांच्या रूपानं. वाचनालयांना कुलपं, अनुदान रखडलेलं, आणि काकांच्या वहीत नावांपुढचे आकडे जिथल्या तिथं.

त्या वर्षी अधिक आश्विन होता. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना म्हणजे पोथ्यांचा हंगाम, त्याला लागूनच तुळजापूरचं नवरात्र. पण देवळं १६ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. पोथ्या लाल कापडात तशाच पडून. ऑक्टोबरच्या पावसानं सोयाबीन कुजलं, तेव्हा शेतकरी गिऱ्हाइकाकडून दिवाळी अंकाची आशाही गेली. उरली स्पर्धा परीक्षांची पोरं. त्यांच्या परीक्षा पुढं पुढं जात राहिल्या. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तर तीन दिवस आधी पुढं ढकलली. कादंबरी दहा वर्षं थांबते, चालू घडामोडींचं पुस्तक वर्षभरही थांबत नाही. ते शिळं होतं.

थोडं सावरतंय असं वाटलं, तोच एसटीचा संप लागला. कर्मचाऱ्यांचंही दुखणं खरंच होतं, त्यांना मी बोल लावणार नाही. पण स्टँड ओस पडला आणि तो पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत पुरता भरला नाही. प्रकाशकाचे फोन येत होते. तिथंही कुणाचा तरी पगार अडलेला होता. बायंडिंगवाला, छपाईवाला, टेम्पोवाला, सगळे त्याच एका साखळीत.

शेवटच्या आठवड्यात मी गेलो होतो. परत जाण्यासारखी पुस्तकं एका बाजूला काढली होती. शिळ्या पुस्तकांसाठी रद्दीवाला काटा घेऊन आला होता. पोरगा त्या रद्दीचेही गठ्ठे बांधत होता. कडा जुळवून, आडवे दोन, उभे दोन. काका म्हणाले, "अरे, रद्दीच आहे, कोंब पोत्यात." तो काही बोलला नाही. कडा जुळवत राहिला.

तो आता एका औषधाच्या दुकानात आहे. परवा मी गेलो तेव्हा खोक्याला सुतळी गुंडाळत होता. मला बघून हसला. "आईला मोठ्या टायपातली ज्ञानेश्वरी पाहिजे होती ना? मिळाली का?" असं विचारलं आणि उरलेली सुतळी दातानं तटकन तोडली.