कॅल्शियम पाणी सोडते तेव्हा

आमच्या कामातली निम्मी मेहनत पाणी स्वच्छ करण्यात जाते. टेफ्लॉनच्या उथळ ट्रफमध्ये अतिशुद्ध पाणी काठोकाठ भरायचे, पट्टी सरकवत वरचा थर एका बाजूला गोळा करायचा आणि तिथला न दिसणारा कचरा बारीक नळीने ओढून घ्यायचा. बोटाचा तेलकटपणा लागला तरी सगळे पहिल्यापासून. पट्टीची ही युक्ती आग्नेस पॉकेल्सची. जर्मनीत ब्राउनश्वाइगला घर सांभाळता सांभाळता तिने ती शोधली. 1891 साली लॉर्ड रॅली यांनी तिचे पत्र ‘नेचर’मध्ये छापवून आणले. ट्रफला नाव मात्र लँगमुइरचे लागले. मला ते आजही खटकते.

पाणी स्वच्छ झाले की क्लोरोफॉर्ममधले स्टिअरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायचे. क्लोरोफॉर्म उडून जातो, आम्लाचा एकच रेणू जाडीचा थर उरतो: शेपट्या हवेत, डोकी पाण्यात. नुसत्या पाण्यावर थर दाबत नेला, की कललेल्या शेपट्या हळूहळू सावरतात आणि दाबाच्या आलेखात एक स्पष्ट मोड येतो. पुरेशा अल्कधर्मी पाण्यात कॅडमियम असेल तर तो मोडच नाहीसा होतो. रेणूमागे जेमतेम 0.2 चौरस नॅनोमीटर जागा उरेपर्यंत आलेख आडवा, आणि मग एकदम उभा. ती उभी रेषा कितीही वेळा पाहिली तरी मला हरखून जायला होते.

अल्कधर्मी पाण्यात डोक्यांवर ऋण भार येतो. लगतचे पाण्याचे रेणू आपले हायड्रोजन त्यांच्याकडे वळवतात, धातूचे आयनही तिकडे ओढले जातात. ग्वी आणि चॅपमन यांच्या जुन्या सिद्धांतात आयन म्हणजे नुसता भारित बिंदू. त्या हिशेबाने मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांत फरक पडायला नको, दोघांवरचा भार सारखाच. पण मॅग्नेशियमचा आयन लहान, त्यामुळे भोवतीचे सहा पाण्याचे रेणू तो घट्ट धरून ठेवतो. कॅल्शियमभोवतीच्या रेणूंची अदलाबदल त्याच्या हजारपटीने वेगात चालते. म्हणून कॅल्शियम अंगावरचे थोडे पाणी बाजूला सारून थेट डोक्याला भिडते. मॅग्नेशियम बहुधा पाण्याच्या वेष्टनासकट जवळपास घुटमळते. माझ्या मते सगळी गोम इथे आहे: आयन किती भार आणतो यापेक्षा तो किती पाणी सोडायला तयार आहे, हे आधी विचारावे.

आपले रक्त गोठते तेही असल्याच ऋण पृष्ठावर. जखमेपाशी प्लेटलेटच्या पटलावर ऋणभारित मेदरेणू बाहेर येतात आणि गोठवणारी प्रथिने कॅल्शियमच्या आधाराने त्यांना धरतात. रक्तपेढीच्या पिशवीत सायट्रेट घालतात ते त्या कॅल्शियमला अडकवून ठेवण्यासाठीच.