आधी कोणाचं होतं?

व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२ मधलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' जगभर गाजलं. मूळ गाणं डॉली पार्टनचं, १९७४ चं. असं काही कळलं की आपण लगेच 'म्हणजे उसनंच की!' म्हणून मोकळे होतो. मला हा निवाडा मान्य नाही, आणि त्याचं कारण आमच्या जळगावातच आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात गात राहिल्या. लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्यांनी ती गाणी टिपून ठेवली. त्या १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये आलं, आणि 'मानिनी' चित्रपटातून ती गाणी घरोघरी गेली. म्हणजे जळगाव-धुळ्यात आज ओठांवर असलेली चाल दुसऱ्याची, गळाही दुसऱ्याचा. तरी गाणं बहिणाबाईंचंच, कारण नाव कोणी पुसलं नाही.

कोणी म्हणेल, वाद्यमेळात जात्यावरच्या ओवीची मूळ लय हरवली. काही अंशी खरं आहे, आणि ते मला सलतंही. पण ओवी तरी कधी एका गळ्यात राहिली? सासरी-माहेरी जाताना ती बदलतच आली. खोट पुन्हा गाण्यात नाही, मूळ लपवण्यात आहे. पार्टन यांचं नाव राहिलं, म्हणून ह्यूस्टनच्या यशातला मोबदला त्यांनाही मिळाला. खानदेशातल्या लग्नांत, यूट्यूबवर अहिराणी गाणी नव्या ठेक्यावर वाजतात, वाजू देत. वाजवणाऱ्यांनी मूळ कवीचं, गायकाचं नाव मात्र आधी लिहावं.