जोर कुठे द्यायचा?

मराठीच्या प्राध्यापकाला इंग्रजी उच्चारांची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. पण मुलाखतीला निघालेली मुले माझ्याकडेच येतात. इंग्रजीच्या सरांपुढे त्यांची जीभ अडते! अशीच एक मुलगी आली. पदार्थविज्ञानात हुशार, पण मागच्या मुलाखतीत तिच्या 'फोटोग्राफर'वर एक साहेब हसले, आणि तेव्हापासून ती येत असलेली उत्तरेही गिळते.

म्हटले, "शाळेत वृत्ताचे गण पाडलेस ना? तसेच शब्दाचे तुकडे पाड." फो-ट-ग्राफ: जोर पहिल्यावर. फ-टॉ-ग्र-फर: दुसऱ्यावर. फो-ट-ग्रॅ-फिक: तिसऱ्यावर. जोर मिळाला तो स्वर ठसठशीत होतो, बाकीचे अंग चोरतात. आपले लघु-गुरू मात्रांवर ठरतात. इंग्रजी कवितेची चाल या जोरावर चालते. शेवटी 'शन' किंवा 'इक' आले, की बहुधा आधीच्या तुकड्यावर जोर. 'बहुधा' म्हणायचे कारण, 'पॉलिटिक्स' हा नियम पाळत नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही नव्हती म्हणा!

तासाभराने शब्द सुटू लागले. जाताना तिने विचारले, "सर, त्या साहेबांना 'डोळा' नीट म्हणता येत असेल का हो?"

सोमवारी तिची पुन्हा मुलाखत आहे.