माणसाचा हात

घरट्यातून पडलेल्या पिल्लाला माणसाचा हात लागला, की बाकीच्या चिमण्या त्याला टोचून मारतात. घरोघर होती ही समजूत. आजी ते पिल्लू फडक्यात नाहीतर सुपलीत उचलून वळचणीला ठेवायला लावायची. पक्षी-अभ्यासक सांगतात, तसं काही नसतं. परत ठेवलेल्या पिल्लाला आईबाप भरवतात. मग समजूत आली कुठून? मला वाटतं, ती आपल्याच धास्तीतून आली. आपलं काहीतरी न दिसणारं पिल्लांना लागतं आणि ती त्यांच्यातली राहत नाहीत. मोबाइलच्या टॉवरनी चिमण्या घालवल्या, हे ऐकल्यावर आपण पुरावा मागितला नाही, तो बहुधा म्हणूनच. शहरांत चिमणी घटली हे खरं. पण ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२० चा अहवाल म्हणतो, देशभर तिची संख्या गेली २५ वर्षं साधारण टिकून आहे.

तरी धास्ती पोकळ म्हणवत नाही. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या आवारात लाकडी खोपटांत ठेवलेल्या रॉबिन पक्ष्यांना स्थलांतराच्या हंगामात दिशाच सापडेना. खोपटांना ॲल्युमिनियमचं आवरण घालून अर्थिंग दिलं, आणि ती सापडली. अर्थिंग तोडलं, की पुन्हा गोंधळ. जायची ओढ शाबूत, जायचं कुठे तेवढं हरवलेलं! हे वाचून मी किती वेळ नुसती बसून होते. २०१४ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं, पण त्यात मोबाइल नव्हता. गोंधळ घालत होत्या त्या ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झच्या, एएम रेडिओच्या पट्ट्यातल्या क्षीण लहरी. मोबाइल चालतो शेकडो मेगाहर्ट्झच्या पुढे.

मोबाइलच्या लहरींनी स्मरणाचं काय होतं, हे सांगणं तर त्याहून अवघड. उंदराला गढूळ केलेल्या पाण्यात सोडतात. बुडवून लपवलेला चौथरा त्याला किती लवकर सापडतो, यावरून आठवण मोजतात. उशीर झाला, तर तो विसरला की घाबरला? संशोधक पोहण्याचा वेगही पाहतात, तरी माझं समाधान होत नाही. आणि फ्लॉरिडात २०१० साली अल्झायमरसदृश आजाराच्या उंदरांना रोज दोन तास मोबाइलसारख्या लहरींत ठेवलं, तर काही महिन्यांनी त्यांची आठवण सुधारली. आनंद वाटायला हवा. पण सुधारायलाही काहीतरी आत पोचावं लागतं, आणि जे पोचलं ते त्या चाचण्यांपुरतंच थांबलं का? त्या उंदरांना आणखी काय आठवू लागलं असेल, हे कुठल्या पाण्यात मोजायचं?